युरोलीगचा २०२४–२५ हंगाम : युरोपचे बास्केटबॉल आखाताच्या दारी

युरोलीग ही युरोपातील पुरुषांच्या क्लब बास्केटबॉलची सर्वोच्च स्पर्धा होय. अमेरिकेतील एनबीए वगळता क्लब पातळीवर इतक्या दर्जाची दुसरी स्पर्धा जगात नाही, असे सामान्यतः मानले जाते. या स्पर्धेचा २०२४–२५ चा हंगाम ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाला आणि २५ मे २०२५ रोजी अबू धाबी येथे संपला. इस्तंबूलच्या फेनर्बाहचे संघाने अंतिम सामन्यात मोनाकोचा ८१–७० असा पराभव करून आपले दुसरे विजेतेपद मिळविले. विजेता कोण ठरला एवढ्यापुरते या हंगामाचे महत्त्व मर्यादित नाही. युरोपच्या या जुन्या स्पर्धेचा शेवटचा आणि सर्वांत मोलाचा आठवडा प्रथमच आखाती देशात साजरा झाला. हंगाम संपल्यानंतर लवकरच दुबईच्या संघाला स्पर्धेत प्रवेशही मिळाला. मनामाहून विमानाने सव्वा तासाच्या अंतरावर घडलेल्या या स्थित्यंतराची नोंद बहरीनमधील मराठी वाचकाने घ्यावी, अशी त्यामागे पुरेशी कारणे आहेत.

स्पर्धेची पूर्वपीठिका

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे फिबाने, १९५८ मध्ये युरोपीय विजेत्या क्लबांची स्पर्धा सुरू केली. तत्कालीन सोव्हिएत संघातील रीगा शहराच्या एएसके संघाने पहिली तिन्ही विजेतेपदे मिळविली. पुढील चार दशके स्पर्धेची सूत्रे फिबाकडेच राहिली. मात्र दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे वाढू लागले, तसे आपल्या उत्पन्नावर आपलेच नियंत्रण असावे असे मोठ्या क्लबांना वाटू लागले. २००० मध्ये या क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यामुळे २०००–०१ च्या हंगामात युरोपात एकाच वेळी दोन सर्वोच्च स्पर्धा झाल्या आणि दोन विजेते ठरले : फिबाच्या सुप्रोलीगमध्ये तेल अवीवचा मकाबी, तर नव्या युरोलीगमध्ये बोलोन्याचा किंडर. पुढील वर्षी दोन्ही प्रवाह एकत्र आले, परंतु सत्ता क्लबांच्या हाती गेली ती कायमची. आज युरोलीगचे मुख्यालय बार्सेलोनात आहे आणि तिचे भागधारक खुद्द क्लबच आहेत.

विजेतेपदांच्या संख्येत ११ विजयांसह रेआल माद्रिद सर्वांत पुढे आहे. त्याखालोखाल मॉस्कोच्या सीएसकेएची आठ आणि अथेन्सच्या पानाथिनाइकोसची सात विजेतेपदे आहेत. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ पासून रशियन क्लब स्पर्धेबाहेर आहेत. मकाबी तेल अवीवला २०२४–२५ मध्ये युद्धामुळे आपले 'घरचे' सामने बेलग्रेडमध्ये खेळावे लागले. युरोपच्या राजकारणाचे पडसाद या स्पर्धेत असे वारंवार उमटत आले आहेत.

येथे 'क्लब' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. रेआल माद्रिद, बार्सेलोना, बायर्न म्युनिक, फेनर्बाहचे, पानाथिनाइकोस ही नावे आपल्याकडे फुटबॉलमुळे परिचित आहेत. ही सारी बहुक्रीडा मंडळे असून बास्केटबॉल हा त्यांचा एक विभाग आहे. समर्थकही बहुधा तेच असतात आणि तेच झेंडे, तीच गाणी घेऊन फुटबॉलच्या मैदानातून बास्केटबॉलच्या बंदिस्त सभागृहात येतात. छताखाली कोंडलेला तो आवाज या स्पर्धेची ओळख बनला आहे. अलीकडच्या हंगामांत सामन्यामागे सरासरी दहा हजारांहून अधिक प्रेक्षक येत आहेत.

हंगामाची रचना

२०२४–२५ मध्ये १८ संघ होते. स्पेनचे रेआल माद्रिद, बार्सेलोना व बास्कोनिया. ग्रीसचे ओलिंपियाकोस व पानाथिनाइकोस. तुर्कस्तानचे फेनर्बाहचे व अनादोलू एफेस. इटलीचे ऑलिंपिया मिलानो व व्हिर्टस बोलोन्या. जर्मनीचे बायर्न म्युनिक व आल्बा बर्लिन. सर्बियाचे पार्टिझान व त्सर्वेना झ्वेझ्दा. फ्रान्सचे आस्वेल व पॅरिस बास्केटबॉल. फ्रेंच साखळीतच खेळणारा मोनाको. लिथुआनियाचा झाल्गिरिस आणि इस्राएलचा मकाबी तेल अवीव. यांपैकी पॅरिसचा संघ नवखा होता. आदल्या वर्षी युरोकप ही दुय्यम स्पर्धा जिंकून त्याने हा प्रवेश कमावला होता.

प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या सभागृहात आणि एकदा त्यांच्या. असे ३४ सामने झाल्यावर पहिले सहा संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना उरलेल्या दोन जागांसाठी 'प्ले-इन' नावाची छोटी चाचणी द्यावी लागते. उपांत्यपूर्व फेरीत पाच सामन्यांपैकी तीन जिंकणारा संघ पुढे जातो. उरलेले चार संघ एका तटस्थ शहरात जमतात आणि तीन दिवसांत, प्रत्येकी एकाच सामन्याच्या बळावर, विजेता ठरतो. यालाच 'फायनल फोर' म्हणतात.

एनबीए पाहण्याची सवय असलेल्या वाचकास येथील खेळ काहीसा वेगळा वाटेल. सामना ४८ ऐवजी ४० मिनिटांचा असतो. तीन गुणांची रेषा टोपलीपासून ६.७५ मीटरवर असते, तर एनबीएत ती ७.२४ मीटरवर आहे. परिणामी बचावाची फळी अधिक दाट राहते, एकट्या खेळाडूला मोकळी जागा कमी मिळते आणि प्रशिक्षकाने आखलेल्या चालींना महत्त्व येते. गुणसंख्या कमी असते आणि प्रत्येक चुकीची किंमत जास्त. देशांतर्गत साखळीचे सामने याखेरीज असल्यामुळे एकेका खेळाडूला आठ-नऊ महिन्यांत सत्तरच्या आसपास सामने खेळावे लागतात. फेनर्बाहचेने त्या वर्षी तुर्की चषक आणि तुर्की साखळी याही जिंकल्या.

बहरीनमधील प्रेक्षकासाठी एक सोय अशी की इस्तंबूलचे घड्याळ वर्षभर मनामाच्या घड्याळाशी जुळते. सामने मुख्यतः गुरुवारी आणि शुक्रवारी रात्री होतात. येथील साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारी असल्याने गुरुवारचा सामना निवांतपणे पाहता येतो. पुण्या-मुंबईतील नातलगास मात्र त्यासाठी मध्यरात्र उलटेपर्यंत जागावे लागते.

साखळी फेरी

एप्रिलच्या मध्यास साखळी फेरी संपली तेव्हा ओलिंपियाकोस २४ विजय व १० पराभवांसह अग्रस्थानी होता. फेनर्बाहचे (२३–११), गतविजेता पानाथिनाइकोस (२२–१२) आणि मोनाको (२१–१३) अनुक्रमे दुसरे, तिसरे व चौथे आले. बार्सेलोना, एफेस आणि रेआल माद्रिद या तिघांचेही २० विजय झाले, परंतु परस्पर लढतींच्या हिशेबात रेआल सातवा ठरला. अकरा वेळच्या विजेत्याला प्ले-इनच्या दारात उभे राहावे लागले. शेवटच्या फेऱ्यांपर्यंत चुरस इतकी होती की पाचव्या आणि दहाव्या क्रमांकांत अवघ्या दोन विजयांचे अंतर होते.

पॅरिसच्या कामगिरीने या हंगामाला ताजेपणा आणला. प्रशिक्षक तियागो स्प्लिटर हे ब्राझीलचे माजी खेळाडू. २०१४ च्या एनबीए विजेत्या सॅन अँटोनियो संघात ते होते. अत्यंत वेगवान खेळ आणि टी. जे. शॉर्ट्स या ठेंगण्या परंतु चपळ सूत्रधाराचे नेतृत्व यांच्या बळावर पॅरिसने पदार्पणातच १९ सामने जिंकले. पुढे प्ले-इनमध्ये त्यांनी रेआल माद्रिदला हरवून सातवे स्थान घेतले. रेआलने बायर्नवर मात करून आठवी जागा कशीबशी राखली.

याउलट बेलग्रेडच्या पार्टिझानचे उदाहरण. या संघाच्या घरच्या सामन्यांना होणारी गर्दी युरोपात अव्वल आणि प्रशिक्षक तर झेल्यको ओब्रादोविच, ज्यांच्या नावावर प्रशिक्षक म्हणून या स्पर्धेची नऊ विजेतेपदे आहेत. तरीही संघ पहिल्या दहांत आला नाही. गर्दी आणि गुरू दोन्ही लाभूनही यश हुकते, हे या हंगामाने दाखविले. मात्र ओब्रादोविच यांचा ठसा हंगामाच्या शेवटावर निराळ्या मार्गाने उमटणार होता.

वैयक्तिक मानांमध्ये हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून पानाथिनाइकोसच्या केंड्रिक ननची निवड झाली. एनबीएत मायामीकडून नाव कमावून अथेन्सला आलेला हा खेळाडू चेंडू हाती घेऊन एकट्याच्या बळावर सामना फिरविण्याबद्दल प्रसिद्ध आहे.

उपांत्यपूर्व फेरी

फेनर्बाहचेने पॅरिसला सलग तीन सामन्यांत संपविले. नवख्या संघाचा वेग अनुभवी बचावापुढे चालला नाही. ओलिंपियाकोसने रेआल माद्रिदला ३–१ असे हरविले. उरलेल्या दोन मालिका पाचव्या सामन्यापर्यंत ताणल्या. पानाथिनाइकोसने एफेसला आणि मोनाकोने बार्सेलोनाला ३–२ असे नमविले.

साखळीतील पहिले चारच संघ अबू धाबीला पोहोचले, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. वरच्या क्रमांकाच्या संघाला निर्णायक सामना आपल्या सभागृहात खेळायला मिळतो, हे त्याचे एक कारण. मोनाकोचे सभागृह पाचेक हजार प्रेक्षकांचे आणि फुटबॉलच्या मैदानाखाली बांधलेले आहे. अथेन्स आणि बेलग्रेडच्या महाकाय सभागृहांपुढे ते लहानसे वाटते. पण पाचव्या सामन्याच्या वेळी त्या छोट्या जागेचेही बळ मोठे ठरले. अबू धाबीत मात्र हे बळ कोणालाच मिळणार नव्हते.

अबू धाबीतील तीन दिवस

यास बेटावरील एतिहाद अरीना हे बंदिस्त सभागृह कार्यक्रमानुसार अठरा हजारांपर्यंत प्रेक्षक सामावू शकते. आखातातील बास्केटबॉल रसिकांना ते आधीच परिचित होते, कारण २०२२ पासून एनबीएचे हंगामपूर्व सामने तेथे होत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बॉस्टन आणि डेनव्हर हे संघ तेथे खेळून गेले होते.

२३ मे रोजी, शुक्रवारी, दोन उपांत्य सामने झाले. पहिल्यात फेनर्बाहचेने पानाथिनाइकोसला ८२–७६ असे हरविले. आदल्या वर्षी बर्लिनमध्ये याच टप्प्यावर याच प्रतिस्पर्ध्याने फेनर्बाहचेला रोखून पुढे विजेतेपद मिळविले होते. त्यामुळे या निकालाला परतफेडीची धार होती. पानाथिनाइकोसचे प्रशिक्षक एर्गिन अतामान स्वतः तुर्की. एफेसला २०२१ आणि २०२२ मध्ये, तर पानाथिनाइकोसला २०२४ मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवून दिले होते. स्वदेशातील संघानेच त्यांची वाटचाल थांबविली.

दुसऱ्या सामन्यात मोनाकोने अग्रमानांकित ओलिंपियाकोसला ७८–६८ असे नमविले. ओलिंपियाकोसची ही सलग चौथी फायनल फोर होती. २०२३ मध्ये अंतिम सामन्यात एका गुणाने हुकलेले विजेतेपद याही वेळी हाती आले नाही. वर्षभर अव्वल राहिलेला संघ एका वाईट संध्याकाळी बाद होतो, यात या पद्धतीची क्रूरता आहे. तिकिटे विकली जातात ती याच क्रूरतेमुळे.

पराभवाला आणखी एक किनार होती. मोनाकोच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसलेले वासिलिस स्पानूलिस हे ओलिंपियाकोसचे दैवत. २०१२ आणि २०१३ ची विजेतेपदे त्या क्लबने त्यांच्याच नेतृत्वाखाली मिळविली होती. निवृत्त झाले तेव्हा ४,४५५ गुणांसह ते स्पर्धेच्या इतिहासात सर्वाधिक गुण मिळविणारे खेळाडू होते. २०२३–२४ च्या हंगामात तो विक्रम मोनाकोच्या माईक जेम्सने मोडला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पानूलिस त्याच जेम्सचे प्रशिक्षक झाले. आपला विक्रम मोडणाऱ्या खेळाडूच्या साथीने ते आपल्याच जुन्या क्लबला हरवून अंतिम सामन्यात पोहोचले. फ्रेंच साखळीतील संघाने अंतिम सामना गाठण्याची ही १९९३ च्या लिमोजनंतरची पहिलीच वेळ होती.

२५ मे रोजी, रविवारी, समोरासमोर आलेले दोन प्रशिक्षक एकेकाळचे सहकारी होते. फेनर्बाहचेचे शारूनास यासिकेविचियस आणि स्पानूलिस हे दोघेही २००९ च्या विजेत्या पानाथिनाइकोस संघात एकत्र खेळले होते आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते ओब्रादोविच. बेलग्रेडच्या गुरूचा संघ घरी बसला होता, पण त्यांच्या तालमीतले दोन शिष्य अंतिम सामन्याचा डाव मांडत होते.

सामना पहिल्या अर्ध्यात अटीतटीचा झाला. उत्तरार्धात फेनर्बाहचेच्या बचावाने मोनाकोची कोंडी केली आणि ८१–७० असा विजय मिळविला. नायजेल हेज-डेव्हिसने २३ गुण मिळविले आणि फायनल फोरचा सर्वोत्कृष्ट खेळाडू होण्याचा मानही त्यालाच मिळाला. हाच खेळाडू मार्च २०२४ मध्ये आल्बा बर्लिनविरुद्ध एका सामन्यात ५० गुणांचा विक्रम करून गेला होता. हंगामानंतर तो एनबीएतील फिनिक्स संघात गेला.

फेनर्बाहचेचे पहिले विजेतेपद २०१७ चे, तेही ओब्रादोविच यांच्याच मार्गदर्शनाखाली इस्तंबूलमध्ये मिळालेले. यासिकेविचियस यांनी खेळाडू म्हणून ही स्पर्धा चार वेळा, तीन निरनिराळ्या क्लबांकडून जिंकली होती. प्रशिक्षक म्हणून मात्र हे त्यांचे पहिलेच यश. २०२१ मध्ये बार्सेलोनाला अंतिम सामन्यापर्यंत नेऊनही त्यांना हार पत्करावी लागली होती. भूगोलाचीही येथे एक गंमत आहे. फेनर्बाहचेचा कादिकोय भाग आणि त्याचे अताशेहिरमधील सभागृह दोन्ही बॉस्फरसच्या पूर्वेस, आशियाच्या भूमीवर आहेत. युरोपचा विजेता आशियात राहतो आणि त्या वर्षी त्याने विजय मिळविला तोही आशियातच.

आखातच का?

याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. युरोलीगचे सभागृह भरते, पण क्लबांचा ताळेबंद बहुधा जुळत नाही. अनेक क्लब तोट्यात चालतात आणि तो तोटा मालकाच्या खिशातून, प्रायोजकाच्या मदतीतून किंवा फुटबॉल विभागाच्या उत्पन्नातून भरून निघतो. युरोपातील दूरचित्रवाणीची बाजारपेठ भाषाभाषांत विभागलेली असल्यामुळे प्रक्षेपण हक्कांना अमेरिकेसारखी किंमत येत नाही. उलट अबू धाबीला पर्यटनासाठी जगाचे लक्ष हवे होते आणि त्यासाठी मोजायला पैसेही होते. गरज एकाकडे, साधन दुसऱ्याकडे, असा हा व्यवहार झाला.

समर्थकांची नाराजीही समजण्याजोगी होती. फायनल फोर बर्लिन किंवा बेलग्रेडमध्ये असली की ग्रीस व तुर्कस्तानातील समर्थक बसने, रेल्वेने, स्वस्त विमानाने पोहोचतात. मे महिन्याच्या उन्हात आखातात येणे विद्यार्थ्याला किंवा कामगाराला परवडणारे नव्हते. ज्या आवाजासाठी ही स्पर्धा ओळखली जाते, तो आवाज करणारा माणूसच महाग प्रवासामुळे मागे राहतो, असा त्यांचा आक्षेप होता. तरीही सभागृहात तुर्की आणि ग्रीक गाणी घुमलीच. आखातात नोकरी करणारे त्या त्या देशांचे लोकही तेथे आले होते. आपल्या मूळ गावाचा संघ आपल्या नोकरीच्या गावी खेळायला येतो, तेव्हा काय वाटते, हे भारतीय क्रिकेट संघासाठी दुबई-शारजा गाठणाऱ्या वाचकास वेगळे सांगण्याची गरज नाही.

पुढील पाऊल मात्र सामन्यांच्या स्थलांतरापेक्षा मोठे होते. २०२३ मध्ये स्थापन झालेला दुबई बास्केटबॉल हा संघ २०२४–२५ मध्ये बाल्कन देशांच्या अ‍ॅड्रियाटिक साखळीत खेळला आणि अवघ्या वर्षभरात त्याला युरोलीगचा पाच वर्षांचा परवाना मिळाला. २०२५–२६ पासून स्पर्धेत २० संघ आणि ३८ फेऱ्या झाल्या. दुबईसोबत युरोकपविजेता हापोएल तेल अवीव आणि व्हॅलेन्सिया हे आत आले, तर साखळीत तळाशी राहिलेला आल्बा बर्लिन बाहेर पडून फिबाच्या स्पर्धेकडे वळला.

येथे स्पर्धेच्या परवाना पद्धतीचा मूळ प्रश्न समोर येतो. भागधारक क्लबांना दीर्घ मुदतीचे परवाने असतात. ते तळाला गेले तरी त्यांची जागा जात नाही. इतरांना जागा मिळते ती युरोकप जिंकून, निमंत्रणाने किंवा पैशाच्या बळावर. पॅरिसने जागा मैदानात कमावली, दुबईने ती करारातून मिळविली. व्यवस्थापनाचा युक्तिवाद असा की स्थैर्याची हमी नसेल तर सभागृहे आणि अकादमी यांत कोणी गुंतवणूक करणार नाही. तो खोटा नाही. पण चढ-उताराची शक्यताच उरली नाही तर लहान शहरातील क्लबाने स्वप्न कशाचे पाहायचे, हा प्रतिप्रश्नही तितकाच खरा आहे.

या प्रश्नावर दबाव वाढविणारी आणखी एक घटना हंगाम चालू असतानाच घडली. मार्च २०२५ च्या अखेरीस एनबीए आणि फिबा यांनी युरोपात नवी संयुक्त साखळी काढण्याचा विचार न्यूयॉर्कमध्ये जाहीर केला. २००० मध्ये क्लबांनी फिबापासून सुटका करून घेतली होती. पंचवीस वर्षांनी फिबा अधिक बलवान भागीदारासह परतली. आखाताशी केलेली सोयरीक ही युरोलीगच्या दृष्टीने या आव्हानाला दिलेल्या उत्तराचा भाग आहे.

बहरीनचे बास्केटबॉल आणि क्लब संस्कृती

दुबईच्या नव्या संघाकडे पाहताना बहरीनचा जुना अनुभव आठवावा. या छोट्या बेटावर क्लब म्हणजे वस्तीची संस्था. मुहर्रक क्लबाची स्थापना १९२८ ची. आखातातील सर्वांत जुन्या क्लबांत त्याची गणना होते. अल्-अहली, मनामा, रिफा या क्लबांचीही ओळख आपापल्या परिसराशी आणि कुटुंबांशी जोडलेली आहे. युरोपीय क्लबांप्रमाणेच येथेही एकाच झेंड्याखाली फुटबॉल, बास्केटबॉल, हॅण्डबॉल, व्हॉलीबॉल असे विभाग असतात. राष्ट्रीय साखळीचे सामने उम्म अल्-हस्सम येथील बास्केटबॉल सभागृहात होतात. मनामा आणि मुहर्रक यांच्या लढतीला ढोल, गाणी आणि रंग यांची जी दाटी होते, ती पाहिल्यावर अथेन्समधील वातावरणाची काहीशी कल्पना येऊ शकते. परदेशी व्यावसायिक खेळाडूही या संघांत असतात.

बहरीनमधून युरोलीगमध्ये संघ जाण्याची शक्यता नाही, पण आशियाई क्लब स्पर्धांचा मार्ग खुला आहे. फिबाने २०२२–२३ पासून पश्चिम आशिया सुपर लीग सुरू केली आणि तिच्या पहिल्याच हंगामात मनामा संघ उतरला. राष्ट्रीय संघ २०२२ च्या आशिया चषकासाठी जकार्ताला गेला. भारताचा संघही त्या स्पर्धेत होता. त्याच चषकाच्या पात्रता फेरीचे सामने नोव्हेंबर २०२० मध्ये, महासाथीच्या कडक निर्बंधांत, ईसा टाउनच्या खलिफा स्पोर्ट्स सिटीत झाले आणि भारत तेथे खेळला. ईसा टाउन हे नाव येथील मराठी पालकांना इंडियन स्कूलमुळे रोजच्या परिचयाचे. पण आपला राष्ट्रीय संघ त्या शाळेच्या परिसरात प्रेक्षकांविना खेळून गेला, याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

वस्तीतून खेळ वाढण्याचे उदाहरण आपल्या मुंबईतही आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नागपाडा नेबरहुड हाऊस ही समाजसेवेची संस्था उभी केली. १९३६ मध्ये सुरू झालेल्या आणि आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणसंस्थेचे मूळही तेथेच. दाटीवाटीच्या त्या नागपाड्यात बास्केटबॉल गल्लीचा खेळ झाला आणि तेथून पुढे आलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. सभागृह, प्रायोजक, परवाना यांपैकी काहीही हाताशी नसताना एका मोहल्ल्याने भारतीय संघाला पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले.

हंगामाचे मोल

२०२६ च्या फायनल फोरचा मान अथेन्सला देण्यात आला, म्हणजे अंतिम सोहळा पुन्हा युरोपात परतला. दुबईचा परवाना मात्र कायम आहे. यावरून आखाताशी आलेला संबंध पाहुणचारापुरता नाही, एवढे स्पष्ट होते. तो टिकेल की नाही, हे पैशावर ठरणार नाही. पैशाने खेळाडू एका उन्हाळ्यात आणता येतात, सभागृह दोन वर्षांत बांधता येते. समर्थक घडायला मात्र पिढी जावी लागते. पिरेयस, बेलग्रेड, मुहर्रक, नागपाडा या ठिकाणी आजोबांचा संघ नातवाकडे वारशाने येतो. दुबईत, अबू धाबीत बहुसंख्य रहिवासी आपल्यासारखेच करारावर आलेले आहेत. त्यांची मुले तेथे वाढतात, पण निवृत्तीनंतर घर बहुधा दुसरीकडे असते. अशा शहरात क्लबाची मुळे कोणाच्या मनात रुजणार, हा प्रश्न युरोलीगने २०२४–२५ मध्ये स्वतःवर ओढवून घेतला आहे.

त्याचे उत्तर काही अंशी आखातात वाढणारी मुले देतील. बहरीनमधील एखादा मराठी मुलगा मुहर्रकच्या लाल रंगासाठी घसा कोरडा करतो, की फेनर्बाहचेच्या पिवळ्या-निळ्यासाठी, की टीव्हीवरच्या अमेरिकी संघासाठी, हे त्याचे तो ठरवील. पालकांनी एवढेच करावे : एखाद्या गुरुवारी संध्याकाळी त्याला उम्म अल्-हस्समच्या सभागृहात घेऊन जावे. मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना सव्वा तासावर कधी तरी येईल. वस्तीचा सामना दर आठवड्याला पंधरा मिनिटांवर असतो, आणि युरोपातील ते सारे मोठे क्लबही एकेकाळी अशाच सभागृहांतून उभे राहिले.